नवसाबाईच्या चित्राला हार

मखमलाबादच्या चिमाजीने सकाळी झेंडूचा असा जाडजूड हार गुंफला की सुवर्णाला वाटलं, बाप कुणा पुढाऱ्याच्या सत्काराला निघालाय.

"आबा, आपण चित्रांच्या संग्रहालयात चाललोय. देवळात नाही."

"तुझ्या आईची तसबीर लागलीय तिथं. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला बिनहाराचं ठेवायचं? मळा फुलांनी भरलेला असताना?"

नवसाबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं. ती फूलबाजारात बसायची तेव्हा समोर एक चित्रकार चित्र काढत असे. परवा शेजारचा धोंडीराम सांगत आला, "वहिनींचं चित्र लागलंय नाशकात, भलं मोठं!" तेव्हापासून चिमाजीने ही बातमी आळीत, गिरणीवर, दाढी करताना न्हाव्याला, सगळीकडे पोचवली होती. घरात नवसाबाईचा धड फोटो नव्हता. होता तो आधार कार्डावरचा, आणि त्यात ती तिला स्वतःलाही ओळखू आली नव्हती.

चित्राने अर्धी भिंत व्यापली होती. डोक्यावर पदर, मान खाली, पुढ्यात फुलांची पाटी. चिमाजीचे डोळे भरून आले आणि पुढचं त्याला धड दिसलंच नाही.

"हीच."

"आई फार शांत दिसतेय, नाही?" सुवर्णा चाचरत म्हणाली.

"चित्र काढणारा समोर असल्यावर माणूस शांतच बसतं."

सुवर्णाचा फोन वाजला म्हणून ती बाकीचं चित्र न बघताच बाहेर गेली. तेवढ्यात चिमाजीने टाचा उंचावून चौकटीच्या कोपऱ्याला हार अडकवला. चित्राची डावी बाजू हाराखाली झाकून गेली.

मागून निफाडच्या दोन बायका आल्या. हार बघताच त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांचं बघून मागच्यांनीही काढल्या. छोटीशी रांगच लागली. चिमाजीचा ऊर भरून आला.

"या, या. सावकाश दर्शन घ्या."

दारातला चपलांचा ढीग बघून पहारेकरी महेश धावत आला.

"बाबा, हे काय केलंत? काढा तो हार!"

"बायकोच्या तसबिरीवरचा हार माझ्या हातानं काढू? नाय जमणार."

एवढ्यात दारातून मोठा आवाज आला. "चिमाजीभाऊ! माझ्या तसबिरीला हार? मेले का मी?"

नवसाबाईच्या शेजारी बसून गुलाब विकणारी रेहानाबाई नवी साडी नेसून, दोन नातवंडांना घेऊन उभी होती.

"सगळ्या मोहल्ल्याला सांगून आले, जिवंतपणी भिंतीवर लागले म्हणून. आणि तुम्ही तर मला मारूनच टाकलं!"

"तुझी कुठली? ही नवसा हाय."

"नवसानं कधी गुलाब विकले का? पाटीत बघा. बरं, पाटी सोडा, तोंड बघा. मिटलेलं हाय!"

हा पुरावा चिमाजीला पटला. अख्ख्या संसारात नवसाबाईचं तोंड एवढा वेळ मिटलेलं त्याने पाहिलं नव्हतं. रांगेतले लोक मुकाट्याने चपला घालू लागले. सुवर्णा परत आली तेव्हा बाप खाली मान घालून उभा होता. आता आळीत काय सांगायचं? आणि नवसाला बघायचं तरी कुठे?

महेशने स्टुलावर चढून हार उतरवला.

हाराखालून चित्रातला झेंडूचा ढीग निघाला. ढिगामागे एक बाई अर्धवट उठलेली, एक हात कमरेवर, दुसरा हवेत, तोंड हे एवढं उघडं. समोर टोपी तिरकी झालेला एक माणूस फुलांची गोणी खांद्यावर घेऊन पाठमोरा उभा.

"या अल्ला! ही बघा तुमची नवसा!" रेहानाबाई ओरडली.

"आणि आबा, ती टोपी..."

"त्या दिवशी उशीर झाला होता मला," चिमाजी हळूच म्हणाला.

सुवर्णाने तो हार महेशकडून घेतला आणि रेहानाबाईच्या गळ्यात घातला. "जिवंत माणसाचा हार गळ्यात असतो, मावशी." नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

संग्रहालय बंद होईपर्यंत चिमाजी तिथून हलला नाही. येईल त्याला सांगत होता, "पुढं बसलीय ती रेहानाबाई. आणि मागं ओरडतीय ना, ती माझी बायको."

"आणि बोलणी खातोय तो कोण?" एकाने विचारलं.

चिमाजीने डोक्यावरची टोपी जरा तिरकी केली आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला.