नानांचा लांबलेला मंगळवार

आमच्या नानांकडे रजा मागायची तर आधी वार पाहावा लागतो.

शिरपूरजवळच्या आमच्या केळीच्या पॅकहाऊसचे नाना मॅनेजर. हाताखाली चाळीस बायका आणि डिस्पॅचच्या नोंदी ठेवणारी मी. शेठनी त्यांना धुळ्याला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं आणि आमचे ग्रह फिरले. तिथं म्हणे शिकवलं, चांगला नेता परिस्थिती पाहून शैली बदलतो. नाना म्हणाले, "परिस्थितीना काय भरवसा? वार तरी ठरेल शे."

तेव्हापासून सोमवारी हुकूमशाही. नाना पंख्यालासुद्धा दरडावतात. पण रविवारी संध्याकाळी प्रत्येकीला त्यांचा फोन येतो, "उद्या सोमवार शे. मी वरडसू. मनवर लेऊ नको."

मंगळवारी लोकशाही. चहात आलं घालायचं का, यावर मतदान! एकदा ट्रक मागं घेताना ड्रायव्हरनं विचारलं, "येऊ द्या का?" नानांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. मोजेपर्यंत ट्रकनं गेट आडवं केलं. "निर्णय बहुमतना शे," नाना शांतपणे म्हणाले.

बुधवारी मोकळीक, म्हणजे नाना पाठ करून बसतात आणि काही विचारलं की कान झाकतात. गुरुवारी सेवाभाव. स्वतः चहा आणून देतात आणि कप रिकामा होईस्तोवर "काही सुधारणा?" विचारत समोर उभे राहतात. असा चहा घशाखाली उतरेल तर शपथ! शुक्रवार-शनिवार प्रेरणेचे. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तर अशाच एका मंगळवारी जळगावहून शेठचा फोन आला. आमची सुमनअक्का, पॅकहाऊस साधं पत्र्याचं शेड होतं तेव्हापासून घडाच्या फण्या कापते. एकटी बाई, हीच तिची रोजी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि फण्यांवर सुरीच्या चिरा पडायला लागल्या. माल परत आला. शेठ म्हणाले, "सोमवारी तिला कमी करा."

नानांनी मतदान घेतलं. अक्का राहावी म्हणून सगळे हात वर. अक्काचाही, ती नुकतीच आत आली होती, विषय काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. नानांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि खोकी पुसायचं फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या नाना म्हणाले, "आज मंगळवार शे."

"नाना, बुधवार आहे."

"हात वर करा."

मंगळवार बहुमतानं मंजूर झाला! पुढचे आठ दिवस आमच्याकडे मंगळवारच होता. रविवारीसुद्धा, फक्त सुट्टीचा मंगळवार. कागदावर खरी तारीख लिहायची आणि तोंडानं मंगळवार म्हणायचं, माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी शेठ स्वतः आले. "नाना, अक्का अजून इथं कशी?"

"सोमवार आलाच नाही, शेठ."

"आज वार कोणता?" शेठनी बायकांना विचारलं. चाळीस तोंडांतून एकच उत्तर आलं. शेठनी खिशातून मोबाईल काढून पाहिला, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"अहो, तिला दिसत नाही. उद्या बोट कापून घेईल!"

नानांचा आवाज एकदम खाली आला. "धुळ्याला ऑपरेशनची तारीख मिळाली शे, शेठ. परवाची. तेवढे दिवस काढायचे होते."

शेठनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "करा ऑपरेशन. पण नंतर फणी साफ निघाली तरच काम."

धुळ्याला नाना आणि मी अक्कासोबत गेलो. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्काला वाचताच येत नाही. मग नानांनी पिशवीतून केळीची फणी काढली आणि तिच्यापुढे धरली. डॉक्टर बघतच राहिले.

"अक्का, डाग कोठे शे?"

अक्कानं तिसऱ्या केळाच्या पोटावर बोट ठेवलं. केसाएवढी चीर होती, मला दिसलीसुद्धा नव्हती. काम वाचलं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग अक्कानं मान वर करून नानांकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी नीट दिसत होते.

"अरे देवा! नाना, तुम्ही कितला म्हातारा व्हई गयात!"

नाना हसले, चष्मा काढून डोळे पुसत राहिले.

"माले कोन सांगीन, अक्का? घरमा कोन शे?"