अनारशांवरची खडी

डबा ओट्यावर पालथा घातलेला होता. घासून, विसळून, लख्ख. प्रभुदास भिंगारदिव्यांनी तो उचलला, सुलटा केला, आत बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. रविवारपर्यंत या डब्यात खडी होती.

खडी म्हणजे रेल्वेच्या रुळांखाली असते ती. आता रेल्वेची खडी नगरच्या सावेडीतल्या एका साध्यासुध्या स्वयंपाकघरात काय करत होती, हे आधी सांगायला हवं. भिंगारदिवे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. माणूस सरळ, व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही. पण त्यांचा मेहुणा नोहा मालवाहू जहाजावर होता आणि एकदा त्यानं जपानहून येताना एक आगगाडी आणली. विजेवर पळणारी, हुबेहूब, फक्त दीडशे पटींनी लहान. इंजिन बोटाएवढं, दोन रुळांमधलं अंतर करंगळीच्या नखाएवढं. ती गाडी चटईवर गोल फिरली आणि त्या दिवसापासून भिंगारदिवे कामातून गेले. पुढे नोहा दर फेरीला काही ना काही आणत राहिला. कधी डबे, कधी सिग्नल, कधी सुट्या तुकड्यांत येणारं कौलारू स्टेशन. सोबतच्या सूचना सगळ्या जपानीत. त्या वाचणारं नगरमध्ये कोण सापडणार? मग भिंगारदिवे चित्रं बघून, श्वास रोखून, चिमट्यानं एकेक खिडकी चिकटवत बसायचे. १९९६ सालच्या नाताळापर्यंत मागच्या खोलीत, एका जुन्या दाराच्या फळीवर, जपानातलं एक अख्खं खेडं वसलं होतं.

पंचाईत व्हायची ती बाकीच्या सामानाची. नोहा गाड्या आणायचा. माती, गवत, खडी कोण आणणार? ती आली स्वयंपाकघरातून. वापरलेली चहापत्ती वाळवून शेतातली माती झाली. रवा हिरवा रंगवून गवत झालं, पण त्याला मुंग्या लागल्या आणि त्या गाडीच्या मानानं शेळीएवढ्या दिसायला लागल्या. रुळांखाली वाळू चाळून टाकली, तर घाटात दरड कोसळल्यासारखं दिसे. मग एक दिवस त्यांना खसखस सापडली. खसखशीचा दाणा त्या मापात असा चपखल बसला की परमेश्वरानं तो रेल्वेसाठीच निर्माण केला असणार, अशी त्यांची खात्री पटली. नुसता वरून राखाडी ऑइलपेंट द्यायचा, की झाली खडी.

हन्नाबाई शाळेत शिक्षिका. नवऱ्याचा हा नाद त्यांनी बराच सोसला. पण रव्यामागून चहाची गाळणी गेली, गाळणीमागून भुवया कोरायचा चिमटा गेला, तेव्हा त्यांनी एका दुपारी भाजी निवडता निवडता शांतपणे सांगितलं, "यापुढं माझ्या स्वयंपाकघरात तुमच्या रेल्वेची एक जरी वस्तू दिसली, तर सगळ्या गाड्या संडे स्कूलच्या पोरांना वाटून टाकीन." हन्नाबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. तेव्हापासून भिंगारदिव्यांना झोपेत एकच दिसायचं. कुणीतरी शेंबडं पोर त्यांचं काळं इंजिन तोंडात घालून चघळतंय.

इतकं असूनही डबा स्वयंपाकघरात गेला, कारण डिसेंबरच्या गारठ्यात मागच्या खोलीत रंग वाळेना आणि गॅसच्या वरच्या फळीवर चांगली ऊब असते. डाळींच्या डब्यांमागे तो असा दडवला होता की चोरालाही सापडला नसता. पण काल हन्नाबाईंनी नाताळचे अनारसे तळले. अनारशाला खसखस लागते. आणि आज सकाळी चर्च सजवायला जाण्याआधी त्या शेजारीपाजारी तीन घरी ताटंही देऊन गेल्या होत्या.

भिंगारदिवे धावत मागच्या खोलीत गेले आणि रंगाचा डबा उजेडात धरून वाचायला लागले. 'लहान मुलांपासून दूर ठेवा' एवढंच त्यावर होतं. मोठ्यांचं काय होतं ते लिहिलेलं नव्हतं.  गल्लीतून ओळीनं निघालेल्या तिरड्या, दारात पोलिसांची जीप, आणि मागच्या खोलीतून गाड्या पिशवीत भरून नेणारी संडे स्कूलची पोरं, असं सगळं त्यांना एकदमच दिसलं. खरं सांगितलं तर गाड्या जातात, नाही सांगितलं तर माणसं जातात. अशा वेळी भित्रा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. कापडी पिशवी घेतली आणि कुणाला काही न सांगता सगळे अनारसे परत आणायला निघाले.

पहिलं घर चांगुणाबाईंचं. म्हातारी पायरीवर उन्हाला बसली होती, ताट मांडीवर. मुलगा महेंद्र वकील, ही आठवण भिंगारदिव्यांना नेमकी तेव्हाच झाली.

"ये, प्रभू," चांगुणाबाई म्हणाल्या. "हन्नानं औंदा लई ग्वाड केल्यात बघ. दोन खाल्लं मी."

भिंगारदिव्यांनी भिंतीला हात टेकला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"डोकं जरा गरगरतंय."

"अनारसे खायच्या आधीपासून का नंतर?"

"त्ये काय ध्येनात ऱ्हातंय व्हय?"

आता ताट काढून घ्यायला कारण हवं. भिंगारदिव्यांच्या तोंडून निघून गेलं की, तुम्हाला साखरेचा त्रास आहे म्हणून हन्नानं तुमचे वेगळे केले होते, चुकून हे आले. चांगुणाबाई म्हणाल्या, मला साखर न्हाई. भिंगारदिवे म्हणाले, ती लवकर कळत नसते, डोकं गरगरणं हीच तिची खूण. हे त्यांनी इतक्या कळवळून सांगितलं की म्हातारीचा चेहरा उतरला. अनारसे पिशवीत टाकून ते फाटकाबाहेर पडले, तेव्हा मागून चांगुणाबाई महेंद्रला हाका मारत होत्या. मला साखर झाली रे, म्हणत होत्या.

समोरच गोरक्षनाथ आणि छबूबाईंचं घर. दार उघडंच होतं. भिंगारदिवे आत शिरले आणि उंबऱ्यातच थिजले. खाटेवर गोरक्षनाथ आडवे होते, पायांपासून तोंडापर्यंत पांढरी चादर. शेजारी छबूबाई मान खाली घालून बसलेल्या. घरात आवाज म्हणून नाही. बाजूच्या स्टुलावर ताट, ताटात अर्धा खाल्लेला अनारसा.

 भिंगारदिव्यांचे पाय आपोआप चपलेतून निघाले. कसाबसा आवाज काढून त्यांनी विचारलं, "कधी झालं?"

"आत्ताच," छबूबाई म्हणाल्या.

"त्रास झाला का फार?"

"त्रास कशाचा? दोन अनारसे खाल्ले, तिसरा अर्धा खाल्ला आणि आडवे झाले." एवढं बोलून त्यांनी मांडीवरचा लसूण सोलायला घेतला.

नवरा गेल्यावर लसूण सोलत बसलेली बाई भिंगारदिव्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी भीत भीत चादरीकडे निरखून पाहिलं, तर ती खालीवर होत होती. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत ती जरा जास्तच खालीवर व्हायला लागली, आणि भिंगारदिव्यांना ती घरघर वाटली. त्यांनी झडप घालून ताट उचललं. छबूबाई बघतच राहिल्या. काय सांगावं, काय सांगावं या घाईत भिंगारदिव्यांना जे सुचलं ते असं होतं:

"वहिनी, हे खाऊ नका. पिठात पाल पडली होती."

चादर उडाली. गोरक्षनाथ उठले, त्यांनी भिंगारदिव्यांकडे एकदा पाहिलं आणि तोंडावर हात धरून मोरीकडे पळाले. तिथून जे आवाज यायला लागले ते ऐकून भिंगारदिव्यांना पालीचा साफ विसर पडला. विष भिनलं, एवढंच त्यांच्या मनात आलं. ताटातले अनारसे पिशवीत ओतून ते चपला हातात घेऊनच बाहेर आले.

राहिलं चर्चच्या पाळकसाहेबांचं घर.  पाळकसाहेबांकडे पाहुणे आले होते, ताट मधोमध ठेवलेलं होतं आणि एक पाहुणे हात पुढे करतच होते. इतक्या माणसांदेखत ताट उचलायचं कसं? पाल म्हणावं, तर पाळकसाहेबांसमोर खोटं बोलायची छाती होईना. पाहुण्यांचा हात ताटापर्यंत पोचला आणि भिंगारदिव्यांनी आयुष्यातलं एकमेव शौर्य केलं. ताट स्वतःपुढे ओढलं आणि खायला सुरुवात केली.

एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. माणसं वाचतील, आपण जाऊ, गाड्या मात्र घरात राहतील, असा एक दुःखी हिशेब त्यांनी मनात मांडला आणि चौथा उचलला. पाहुण्यांनी हात मागे घेतला. पाळकीणबाई हळूच म्हणाल्या की, हन्नाबाईंनी घरी ठेवलेले दिसत नाहीत. भिंगारदिवे काही बोलले नाहीत, कारण तोंडात जागा नव्हती. शेवटचा घास गिळून ते उठले, पाळकसाहेबांपुढे वाकले आणि म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करा."

पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि बंधू प्रभुदास यांना खाण्यापिण्यात संयम मिळावा म्हणून मनापासून प्रार्थना केली. पाहुण्यांनी आमेन म्हटलं.

घरी येईपर्यंत भिंगारदिव्यांच्या पोटात कळ यायला लागली होती. एवढे अनारसे एका बैठकीत खाल्ले तर कुणाच्याही पोटात येईल, पण त्यांना ती शेवटची वाटली. हन्नाबाई परत आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. भिंगारदिवे पायरीवर बसले. मरताना तरी बायकोशी खरं बोलावं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"हन्ना, तुझ्या अनारशांना रंग लागलाय," ते म्हणाले. "फळीवरच्या डब्यात खसखस नव्हती. खडी होती. मी ठेवली होती. गाड्या वाट हवं तर, पण आधी डॉक्टरांना बोलव. गोरक्षनाथला ओकाऱ्या सुरू झाल्यात, आणि मी सगळ्यांत जास्त खाल्लेत."

 हन्नाबाई म्हणाल्या, "मला डोळे नाहीत का? राखाडी खसखस, तिला रॉकेलचा वास. ती मी अनारशांना लावीन? सोमवारीच सापडला तो डबा. तुमची खडी काचेच्या बरणीत भरून तुमच्या स्टेशनामागं ठेवलीय. डबा मला लाडवांना हवा होता."

"आणि गाड्या?"

"नाताळ आहे, म्हटलं जाऊ द्या. यंदा माफ."

भिंगारदिव्यांना रडू आवरेना. कुणी मरणार नव्हतं. ते स्वतःही मरणार नव्हते. काळं इंजिन, डबे, कौलारू स्टेशन, सगळं जागच्या जागी होतं आणि वर बायकोनं माफ केलं होतं. पोटातली कळसुद्धा थांबली. ते डोळे पुसून उठायला लागले.

"बसा," हन्नाबाई म्हणाल्या.

ते बसले.

"मला आत्ता कोपऱ्यावर महेंद्र भेटला. आईला रिक्षात घालून रक्त तपासायला नेत होता. छबूबाईंनी फाटकातच धरलं, पाल केवढी होती विचारत होत्या. आणि पाळकीणबाईंनी सायकलवर पोरगा धाडून तुमच्यासाठी भाकरी-भाजी पाठवलीय. तुम्हाला घरी पोटभर मिळत नाही असं त्यांना वाटतंय." हन्नाबाईंचा आवाज चढला नाही आणि त्यामुळेच भिंगारदिवे पायरीवर आणखी आक्रसून बसले. "वीस वर्षं झाली मला अनारसे करून. तुपात माझा एक अनारसा कधी हसला नाही, फुटून विरघळला नाही. आणि तुम्ही त्यात पाल टाकलीत."

त्या आत गेल्या. कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. उरलेलं पीठ काढता काढता त्यांनी आतूनच सांगितलं की, ताजे अनारसे तळून होतील, ते घेऊन भिंगारदिव्यांनी तिन्ही घरी एकट्यानं जायचं, प्रत्येक घरी बसायचं, आणि आपण खेळण्यातल्या आगगाडीखाली खसखस पसरतो इथपासून सगळं खरं खरं सांगायचं. वकिलालाही, गोरक्षनाथांनाही आणि पाळकसाहेबांना पाहुण्यांदेखत.

भिंगारदिव्यांनी गल्लीकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावर गोरक्षनाथ पंच्यानं तोंड पुसत बसले होते आणि इकडेच बघत होते. पलीकडे चांगुणाबाईंना घेऊन गेलेली रिक्षा परत येत होती. आतून तुपाचा वास सुटला. पहिला अनारसा पडला असावा.

ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"हन्ना, संडे स्कूलला पोरं किती आहेत गं?"