एका डोक्यावर एकच टोपी

आमच्या तारनाक्याच्या इमारतीत लिफ्टशेजारी कोणी सूचना चिकटवली, की तासाभरात तिच्यावर लाल शाई उमटते. 'कीप बिल्डिंग मोर क्लीनर' यातला 'मोर' वामनकाकांनी असा काही खोडला, की सेक्रेटरी हल्ली सूचना तेलुगूतच लावतात.

वामनकाका आमचे शेजारी. रेल्वेच्या कचेरीत इंग्रजी पत्रं तपासता तपासता निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. मोसंबीवाला एकदा म्हणाला, "साब, मोर स्वीटर है." काकांनी पिशवी खाली ठेवली. "स्वीटर बोलो. मोर नक्को. एक सर कू एकीच टोपी." तो बिचारा आता काका दिसले की मुकाट्यानं "मीठा है" म्हणतो.

बारा वर्षं घर सांभाळल्यावर मला कुकटपल्लीच्या एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि माझी पाचावर धारण बसली. नांदेडला माझं शाळेचं शिक्षण सगळं मराठीत. आपल्याकडे घर मोठं, त्यापेक्षा मोठं, सगळ्यात मोठं. 'मोठं' आपलं जागचं हलत नाही. इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं, आणि मी वर 'मोर'ही लावायची. काकांनी महिनाभर रोज चहाच्या वेळी मला शिकवलं.

"बी.कॉम.ची डिग्री राहू दे, माय. कंपॅरेटिव्ह डिग्री सांभाळ. एका डोक्यावर एकच टोपी."

मुलाखतीच्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवसांनी काका दारात आले. "कशी आहेस?"

मी ऐटीत इंग्रजी झाडलं, "मोर बेटर." लगेच जीभ चावली. काकांनी नुसती खुर्ची ओढली.

"चुकलं ना, काका?"

"हौ, चुकलं." ते खुर्चीत बसले. "तुझी काकू दवाखान्यात होती. डॉक्टरनं विचारलं, तर तिनं हेच म्हटलं. जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत बोलली, माय. अन् मी सगळ्यांसमोर म्हटलं, नुसतं बेटर म्हण. मग शेवटपर्यंत ती मराठीतच 'बरं आहे' म्हणत राहिली." त्यांनी चष्मा पुसला. "राहू द्यायची होती मी दुसरी टोपी."

मुलाखतीत माझ्याकडून एकही टोपी जास्त चढली नाही. नोकरी लागली. काकांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तोंडावर सांगायची सोय नाही, त्यातही ते काहीतरी दुरुस्त करतील.

दुपारी ऑफिसात डबा उघडण्याआधी मी काकांना फोन करते. त्या वेळी ते एकटेच पानावर बसलेले असतात.

"कशी आहेस?" ते विचारतात.

"मोर बेटर, काका," मी मुद्दाम म्हणते.

काका म्हणतात, "राहू दे, माय. राहू दे."