न पडलेली भेग

बाबा पस्तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी अर्धं जग अजून विनातिकीटच होतं. दूधवाला म्हणाला, "आज दूध चांगलंय," की काल कसं होतं, असं ते विचारत. पाहुणा आला की का आला, आणि गेला की इतक्या लवकर का गेला. अशा माणसाच्या पोटच्या पोरीने सिनेमातले खोटे देखावे बनवायचं शिक्षण घ्यावं, याला काय म्हणावं? नसलेली आग लावायची, नसलेला पूर आणायचा, आणि त्याची परीक्षाही द्यायची. "लोकांना फसवायची पदवी आहे ती," असं बाबा घरात म्हणत. बाहेर मात्र "कॉम्प्युटरचं काहीतरी करते" एवढ्यावर भागवत.

पोरीला घरात बबडी म्हणत. गेल्या सहामाहीत बबडीची चांगलीच फजिती झाली होती. तिच्या सरांची एक खोड होती. आपण केलेल्या कामाचं मूल्यमापन ज्याने त्याने स्वतःच लिहायचं, आणि निम्मे मार्क त्या लिखाणाला. बबडीने स्वतःला दहापैकी दहा दिले. सरांनी खाली लाल शाईने लिहिलं, 'स्वमूल्यमापन मागितलं होतं, स्वतःचा सत्कार नव्हे,' आणि नापास केलं. बाबांनी त्याच दिवशी जाहीर केलं की पुन्हा असं झालं तर कॉलेजातून नाव काढायचं आणि मामाच्या ऑफिसात फायली लावायला जायचं. आणि बाबांचा शब्द म्हणजे शब्द, त्यात आजवर कुणाला सवलत मिळालेली नाही.

या वेळी काम छोटं होतं, पण अवघड. असा एक इफेक्ट करायचा की तो इफेक्ट आहे हेच कुणाला कळू नये. फॉर्मवर चार प्रश्न होते. काय केलं, कोणाला खरं वाटलं, किती वेळ खरं वाटलं, आणि काय चुकलं.

बबडीने मोबाइलवर आपलीच बाहेरची खोली टिपली. खिडकी, कपाट आणि खुर्चीत पेपर वाचणारे बाबा. मग अकरा दिवस कॉम्प्युटरपुढे बसून तिने त्या भिंतीला एक भेग पाडली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी छतापर्यंत गेलेली. त्याआधी ती आठवडाभर इमारतींच्या भिंती न्याहाळत हिंडली होती, भेगा कुठून निघतात ते पाहायला. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनने तर तिचं नाव वहीत लिहून ठेवलं.

शनिवारी सकाळी तिने चित्रफीत आईला दाखवली. आईने ओले हात पुसत ती पाहिली आणि बाबांचा शर्ट खांद्यावर उसवलाय एवढंच म्हणाली. मागून बाबा चहाचा कप घेऊन आले. त्यांनी डोळे बारीक केले.

"ही भेग कधी पडली?"

नेमकं इथेच बोलायला हवं होतं. कुणीही शहाणी मुलगी बोलली असती. पण बबडीच्या डोळ्यांपुढे फॉर्मवरचा तिसरा प्रश्न होता, किती वेळ खरं वाटलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ती गप्प बसली. पुढचा सगळा गोंधळ त्या गप्प बसण्यातून झाला, तेव्हा उगाच बाबांना नावं ठेवू नका.

बाबा भिंतीपाशी गेले. भिंत गुळगुळीत. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो की चित्र खोटं आहे. बाबा म्हणाले, भिंत खोटी आहे. "बुजवली," असं म्हणून त्यांनी भिंतीचा वास घेतला, आणि त्यांना तो ताज्या रंगाचा आला. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. पंधरा दिवस त्यांच्या बाथरूमच्या फरशा बदलण्याची ठोकाठोक चालली होती. शिवाय गेल्या रविवारी सगळे मावशीकडे गेले, तेव्हा चावी डॉक्टरांच्याच घरी होती.

"झाडांना पाणी घालायला म्हणून चावी घेतली ना त्यांनी?" बाबांनी विचारलं.

"आपण दिली," आई म्हणाली.

"पण घेतली ना?"

आता बबडी घाबरली. तिने घड्याळ पाहिल्यासकट खरं काय ते सांगून टाकलं. बाबांनी तिच्याकडे जसं पाहिलं, तसं ते एकेक खिसा सावकाश चाचपणाऱ्या प्रवाशाकडे पाहत असत. तिने भेग नसलेली मूळ चित्रफीत लावली. बाबा म्हणाले, ही बुजवल्यानंतरची. दोन्हींत तुमच्या हातात एकाच तारखेचा पेपर आहे, असं तिने दाखवलं. जुना पेपर कुणी वाचू नये असा कायदा नाही, असं उत्तर आलं. मग बाबा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांनी तुला काय पढवून ठेवलंय?"

हे मात्र तिला लागलं. सख्खा बाप आपल्याला फितूर समजतो म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. पण बाबा तोवर जिना चढत होते.

डॉक्टर गरीब स्वभावाचे. दिवसभर लोकांना "दुखणार नाही" असं सांगून सांगून त्यांचा आवाजच मऊ झालेला. खाली येऊन त्यांनी चित्रफीत पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. परवाच गवंड्याने बाथरूममध्ये मोठा हातोडा घातला होता आणि पायाखालची जमीन हादरलेली त्यांना स्वतःला जाणवली होती. त्यांनी बाबांवर संशय घेतलाच नाही, गवंड्यावर घेतला. भिंत मी नवी करून देतो, असा शब्दही देऊन बसले. बबडी शपथेवर सांगत होती की भेग कॉम्प्युटरमधली आहे. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शेजारधर्म म्हणून एवढं खोटं बोलू नये, बाळ."

गवंड्याला खाली बोलावलं. भेग पाडून चोरून बुजवल्याचा आळ ऐकून त्याचं डोकंच फिरलं. तो म्हणाला, "मी बुजवली असती ना, तर तुम्हाला जन्मात दिसली नसती." बाबांनी विजयी मुद्रेने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खरोखरच काही दिसत नव्हतं. आपण काय बोलून बसलो हे गवंड्याला उशिरा कळलं आणि तो आणखी भडकला. बुजवलेली जागा आवाजाने कळते, ऐकाच, असं म्हणत त्याने हातोड्याच्या दांड्याने भिंत ठोकायला सुरुवात केली. खिडकीच्या बाजूला टक टक. खिडकीच्या वर जरा बद्द आवाज आला. इथला गिलावा बांधतानाच पोकळ राहिलाय, त्याने सांगितलं, आणि खात्रीसाठी आणखी एक ठोका जरा जोरात दिला.

खिडकीच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली. तिरकी वर चढली, मध्ये क्षणभर थांबली आणि छताला जाऊन भिडली. एक पोपडा बाबांच्या चहात पडला. बबडीने अकरा दिवस खपून भेग जिथे काढली होती, तिथेच ही खरी भेग पडली.

"भेग नेहमी इथूनच जाते," गवंडी पुटपुटला. एवढ्या भीतीतही बबडीला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

"उघडली बघा," बाबा म्हणाले.

सोमवारी सर तोंडी परीक्षा घेणार होते, मोबाइलवरच, व्हिडिओ कॉलने. तीस वर्षं विद्यार्थ्यांची कारणं ऐकून सरही बाबांच्याच पंथाचे झाले होते. त्यांनी चित्रफीत तीनदा पाहिली आणि ही भेग खरी आहे असं ठरवलं. बबडीने मूळ चित्रफीत दाखवली. ही भेग पडण्याआधीची, सर म्हणाले. मग त्यांनी आत्ताची भिंत दाखवायला सांगितली. बबडीने मोबाइल भिंतीकडे फिरवला.

"भिंतीला भेग असली तर तिला इफेक्ट म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात," सर म्हणाले. "मी शून्य लिहितोय."

त्या वेळी डॉक्टर गवंड्याला घेऊन भिंतीचं माप घ्यायला आले होते. बाबा खुर्चीत पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. बबडी रडली नाही. तिने नुसतं "बरं, सर" म्हटलं, आणि ते "बरं" ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला. मामाच्या ऑफिसातल्या फायली त्यांनाही दिसल्या असाव्यात. ते उठले आणि त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"मी हिचा बाप. शनिवारी सकाळी या भिंतीला भेग नव्हती. मी फसलो. नऊ दहापासून."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"कशावरून?" सरांनी विचारलं.

 हा बाबांचा स्वतःचा प्रश्न. हजारो माणसांना त्यांनी तो विचारला होता. समोरच्याला तो कसा लागतो, ते आज कळलं.

"कशावरूनच नाही," ते म्हणाले. "पण भेग खोटी होती म्हणजे ही भिंत मीच फोडून घेतली. डॉक्टर ती नवी करून देणार होते. ते इथेच उभे आहेत, आता देणार नाहीत."

 सरांनी डॉक्टरांना मोबाइलसमोर बोलावलं. मलाही खरी वाटली आणि मी गवंड्याला दोन दिवस वाटेल ते बोललो, असं डॉक्टरांनी कबूल केलं. माझी माफी कोण मागणार, असं गवंडी मागून विचारत होता. स्वतःचं नुकसान करून कुणी खोटं बोलत नाही, हे सरांनाही मान्य करावं लागलं. शून्य खोडलं गेलं.

बबडीने फॉर्म भरला. कोणाला खरं वाटलं, तर बाबांना, डॉक्टरांना आणि सरांना. किती वेळ, तर दोन दिवस. काय चुकलं, तर 'पहिल्याच मिनिटाला खरं सांगायला हवं होतं. मार्कांसाठी गप्प बसले. पुढच्या वेळी लगेच सांगेन.' स्वतःला तिने पाच दिले. सरांनी आठ दिले आणि खाली लिहिलं, 'प्रामाणिक वाटतं. संशयाला जागा आहे, तरी पास.'

भिंत बाबांनीच करून घेतली, त्याच गवंड्याकडून. त्याने ती इरेला पेटून अशी केली की कुठे काय झालं होतं हे शोधूनही सापडू नये.

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले असताना पेपरवर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. छताला बशीएवढा ओला डाग होता, बरोब्बर डॉक्टरांच्या नव्या बाथरूमखाली. पूर्वीचे बाबा असते तर एव्हाना जिन्यात असते. त्यांनी शांतपणे बबडीला हाक मारली.

"हे तुझंच ना?"

बबडीने वर पाहिलं. डाग हळूहळू पसरत होता. दुसरा थेंब बाबांच्या चष्म्यावर पडला.

"छान जमलंय," बाबा म्हणाले. "अगदी ओलं वाटतं गं."

तिच्या कामाला बाबांनी छान म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. बबडीने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट ती गप्प राहिली. मग बादली आणायला गेली.