अण्णांचा गाणारा डबा

तिसगावात लक्ष्मणअण्णांच्या दुकानात शिरलं, की ते आधी आपल्याला उभं राहायची जागा दाखवतात. परवा सरपंच आले, तर म्हणाले, "तुमी अंगानं लई भरदार. दोन सूर मागं सरका."

अण्णा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. हल्ली रेडिओ कोण आणतं? मग अण्णांनी मोबाईलवर बघून थेरेमिन नावाचं वाद्य बनवलं. चहापत्तीच्या डब्यात सर्किट, वर पितळी दांडी. हात लावायचा नाही; नुसता दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. कुणी जवळून गेलं तरी बिघडतो.

पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा पट्टा तुटला समजून समोरच्यानं पिठाची गिरणी बंद केली.

"नवं हाय. घसा बसलाय त्याचा," अण्णा म्हणाले.

डब्याची घरघर जावी म्हणून त्यांनी अर्थिंगला दुकानामागं तांब्याची पट्टी पुरली आणि तिला रोज मिठाचं पाणी घालू लागले. घरघर गेली. मग ऊन चढलं की सूर सरकायला लागला.

"टेलर, ह्याला उनाची बाधा हुतीय. लोकरी बंडी शिवा. छाती बावीस धरा."

मी टेप लावून डब्याची छाती मोजली. माझं गिऱ्हाईक बघत होतं. ते परत आलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण अण्णांचं नवंच सुरू झालं. "सूर लई दाटीनं बसलेत. बोटभर हललं की सा चा रे हुतो. चार बोटं अंतर पायजे."

"तुमचा हात तर दगडासारखा स्थिर आहे की!"

"माजं सोडा."

दोन महिने ते नुसत्या तारा गुंडाळत बसले. एक दिवस भरदुपारी दुकान बंद करून म्हणाले, "टेलर, दांडी धरा. घरी चला."

घरी अण्णांच्या बायको, आमच्या काकू होत्या. बायकांच्या भजनात त्या पेटी वाजवायच्या. तीन वर्षांपूर्वी कंपवात झाला आणि त्यांनी आपल्या हातानं पेटी माळ्यावर टाकली.

अण्णांनी डबा समोर मांडला.

"मला न्हाई जमायचं," काकू म्हणाल्या. "एक पट्टी दाबाया गेले की तीन दबत्यात."

"ह्याला पट्टीच न्हाई. नुसता हात धर."

काकूंनी हात उचलला. तो थरथरतच होता. पण सुरांत आता अंतर होतं; सूर सुटला नाही, जागच्या जागी डुलला. मुरलेला गळा डुलतो, तसा. दोन ठिकाणी घसरत त्यांनी अर्धा अभंग वाजवला.

मी टाळी वाजवणार, तोच काकू म्हणाल्या, "वरच्या सुराला खरखर हाय."

अण्णांचा हात खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. "लगेच काढतो."

"राहू द्या. आदी पुरं ऐका तरी."

अण्णा उंबऱ्यावर बसले. वाजतंय त्यात एकही खोट न काढता, मान खाली घालून ऐकत राहिले.