कुंदा गाडी सोडत नाही

तुमच्या आईच्या लग्नात वऱ्हाडाची बस अर्धा तास खोळंबली, कारण नवरीची आत्या अबोली रंगाची पैठणी नेसून त्या बसखाली आडवी झाली होती. खाली पुठ्ठा पसरलेला, दातांत छोटा टॉर्च धरलेला, आणि बसबाहेर दिसत होते फक्त दोन पाय. पायांत पोलादी टोकाचे काळे बूट. हॉटेलच्या दारात तुमच्या बाबांचे काका हातातलं घड्याळ बघत उभे होते. शेवटी न राहवून ते वाकले आणि म्हणाले की मुहूर्त टळतोय हो.

बसखालून शांत आवाज आला, "काका, मुहूर्त दुसरा काढता येतो. ब्रेकचा पाइप रस्त्यात दुसरा काढता येत नाही."

पाइप खरोखरच एका पत्र्याला घासत होता. ड्रायव्हरने स्वतः वाकून पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि दुसरी बस मागवली. कुंदा उठली, निऱ्या झटकल्या, आणि जणू काही झालंच नाही अशी वऱ्हाडाच्या पुढे चालायला लागली. पाठीला ग्रीसचा एक पट्टा होता. लग्नाच्या अल्बममध्ये तो अजून आहे.

ओवी, निखिल, मागच्या थँक्सगिव्हिंगला ती तुमच्याकडे बेलव्ह्यूला आली आणि तुमच्या फुटबॉलच्या व्हॅनच्या टायरांची झीज मोजत बसली, तेव्हा निखिलने मला फोनवर विचारलं होतं, "आजी, व्हाय इज शी लाइक दॅट?" फोनवर सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून आता नीट लिहून काढते. मराठी शाळेत शिकलेलं विसरला नसाल तर स्वतः वाचा, अडलं तर आईला विचारा.

कुंदा म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. नागपूरच्या सायन्स कॉलेजातून ती इथे अमेरिकेत किरणोत्साराचा अभ्यास करायला आली आणि मग राज्य सरकारच्या नोकरीत लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या शिकागोच्या घरापासून तीन तासांवर, राज्याच्या राजधानीत ती एकटी राहते.

तिचं काम असं. अणुवीज केंद्रांत वापरून झालेलं इंधन आणि तसाच दुसरा किरणोत्सारी कचरा जाड पोलादी पिंपांत भरून ट्रकवरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात. आपल्या राज्यातून तो न्यायचा तर कंपनीला प्रत्येक ट्रकमागे राज्याला फी द्यावी लागते. त्या फीतून तपासनिसांचे पगार होतात, ट्रकसोबत जाणाऱ्या सरकारी गाड्या चालतात, आणि वाटेवरच्या लहान गावांत आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांना किरण मोजायचं यंत्र आणि ते वापरायचं शिक्षण मिळतं. कुंदा राज्याच्या सीमेवर उभी राहते. येणारा ट्रक खालून, वरून, चारी बाजूंनी तपासते. एकही दोष चालत नाही. मग आपली गाडी घेऊन त्याच्या मागोमाग दुसऱ्या सीमेपर्यंत जाते, आणि तिथे त्याला शेजारच्या राज्याच्या ताब्यात देऊन परत येते.

"शून्य म्हणजे शून्य," हे तिचं पालुपद. ट्रकवाले तिला मिस झीरो म्हणतात. तिला तो किताब वाटतो.

हा शून्याचा नियम तिने ऑफिसात ठेवला असता तर आमची हरकत नव्हती. पण तुमच्याकडे लिंबाचं लोणचं न्यायचं ठरलं, तेव्हा तिने बरणी तीन वेष्टणांत बांधली आणि आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगणातल्या फरशीवर टाकली. पिंपांची अशीच परीक्षा घेतात म्हणे. बरणी फुटली नाही. कुंदाने ती उलटी करून दहा मिनिटं धरली, तेलाचा थेंब आला नाही, तेव्हा ती सुटकेसमध्ये गेली. तुम्ही खाल्लंत ते लोणचं दोन मजले पडून आलेलं होतं.

डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, तिला घेऊन जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. तांदळाच्या गोण्या उतरवणारा ट्रक दिसला की ही आधी त्याचे दोर ओढून बघते, मग ड्रायव्हरला बोलावते. मी मिठाईच्या दुकानात रांग संपवून बाहेर येते तेव्हा तो गृहस्थ मान खाली घालून गाठ नव्याने मारत असतो आणि कुंदा शेजारी उभी राहून शिकवत असते. एकदा दुकानदाराने मला विचारलं, बहनजी, ये कौन से डिपार्टमेंट से हैं? मी म्हटलं, आमच्या घरच्याच आहेत.

आणि जोशीकाकांची गोष्ट तर आमच्या मंडळात अजून सांगतात. गणपतीच्या आरतीला कुंदाच्या पर्समधलं किरण मोजायचं यंत्र अचानक टिकटिकायला लागलं. ती टाळ्या वाजवत वाजवत दोन पावलं उजवीकडे सरकली, मग तीन पावलं मागे, आणि जोशीकाकांच्या शेजारी येऊन थांबली. आरती संपल्यावर त्यांना कोपऱ्यात घेऊन गेली. त्या दिवशी सकाळी काकांची हृदयाची तपासणी झाली होती. तिच्यासाठी थोडं किरणोत्सारी औषध टोचतात, ते दोन दिवसांत निघून जातं. काकांनी ही गोष्ट काकूंपासून लपवली होती. कुंदाने काकूंना काही सांगितलं नाही. फक्त काकांना एवढंच म्हणाली की यंत्राला कळलं ते बायकोला कळायला हरकत नाही. रात्री जेवायच्या आत काकांनी स्वतःच सांगितलं.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात कुंदाने एक ट्रक सीमेवर नऊ तास थांबवला. ट्रेलरच्या बाजूचा एक लहानसा दिवा लागत नव्हता आणि त्याचा भाग लांबून मागवावा लागला. कंपनी चिडली. कंपनीने राज्याच्या समितीपुढे मागणी मांडली की दर ट्रक तपासायची गरज नाही, दहातला एक तपासा, आणि फीसुद्धा त्या मानाने कमी करा. इतक्या वर्षांत अपघात एकही झालेला नाही, मग हा खर्च कशाला. मागणी मान्य झाली असती तर कुंदाची तुकडी मोडली असती आणि गावांतलं शिक्षण बंद पडलं असतं.

कुंदाला समितीपुढे बोलायला तीन मिनिटं मिळाली. मी तिला म्हटलं की तू तर पुढच्या वर्षी निवृत्त होणार, तुझ्या जिवाला एवढा घोर कशाला?

"माझं काय गं, वहिनी," ती म्हणाली. "पण माझ्या मागून येईल तिच्या हातात टॉर्च नको का?"

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. तेव्हा भाषणाची जबाबदारी माझ्याकडे आली. तिने लिहिलेली सहा पानं मी एका पानावर आणली. चौदा वेळा आलेला झीरो तीनवर आणला. स्वयंपाकघरातला टायमर लावून तिच्याकडून आठ वेळा म्हणून घेतलं. समितीच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले, पर्समध्ये त्या पानाच्या आणखी दोन प्रती ठेवून.

आधी कंपनीचा वकील बोलला. तरुण, नीटनेटका, बोलणं गोड. त्याने कुंदाच्या जुन्या प्रवासांचे सरकारी फॉर्म मागवून घेतले होते. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक चौकट असते. बाकीचे तपासनीस तिथे 'विशेष काही नाही' लिहितात. कुंदाने काय लिहिलं होतं, ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

"दहा वीस. पाण्याच्या टाकीजवळच्या घरात बाई कुत्र्याला आंघोळ घालते आहे. कुत्रा नाखूश."

लोक हसले. त्याने पान उलटलं.

"अकरा पाच. शाळेचं मैदान. पकडापकडी चालू आहे. लाल टोपीवाली मुलगी कोणाला सापडत नाही."

आणखी एक होता. म्हातारे गृहस्थ फाटकावरची टपालपेटी रंगवताहेत, असा. वकील कागद खाली ठेवून म्हणाला की आम्ही प्रत्येक ट्रकमागे राज्याला फी भरतो, आणि त्या बदल्यात राज्य आम्हाला कुत्र्याची मनःस्थिती कळवतं.

आता सगळी खोली हसत होती. मला मान वर करवेना. इतकी वर्षं ही बाई सरकारी कागदावर हे लिहीत होती आणि मला पत्ता नव्हता. मी कुंदाकडे पाहिलं तर ती स्वतःही हसत होती. कुत्रा तिला आठवला असावा.

तिचं नाव पुकारलं. ती उठली, माझं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि रिकाम्या हातांनी माइकपाशी गेली.

ती इंग्रजीतच बोलली, मी मराठीत सांगते.

"साहेबांनी वाचलं ते सगळं खरं आहे. तो दिवा मी बदलायला लावला नसता तर काही झालं असतं का? बहुतेक काही झालं नसतं. मला माहीत नाही, आणि इथे कोणालाच माहीत नाही. कंपनीला तो रस्ता किती मैलांचा आहे ते माहीत आहे. त्या रस्त्यावर कोण राहतं ते मला माहीत आहे. दहातला एक ट्रक तपासायचा असेल तर जरूर तपासा. फक्त उरलेले नऊ कोणत्या गावांतून जाणार, त्याची यादी मला द्या. त्या गावांना मी स्वतः जाऊन सांगते."

एवढं बोलून ती जागेवर येऊन बसली. अजून दोन मिनिटं शिल्लक होती.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, शेतीवाडीच्या भागातून निवडून आलेल्या. त्यांनी चष्मा काढला आणि वकिलाला विचारलं की ती यादी आहे का तुमच्याकडे. तो म्हणाला, लेखी कळवतो. बाहेर आल्यावर एका खेड्यातल्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा प्रमुख, हा दाराएवढा माणूस, कुंदाचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. कुंदा त्याला त्याच्या यंत्राची बॅटरी कधी बदलली ते विचारत होती.

यादी कधी आली नाही. महिन्याभराने समितीने निकाल दिला. तपासणी दर ट्रकची, फी आहे तीच. कागद आला तेव्हा तुमच्या आजोबांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. आता तो तुमच्या पदवीदानाच्या फोटोंसाठी राखलेल्या जागेवर आहे आणि मी तो हलवू देणार नाही. एवढ्या मोठ्या देशात, आपल्या राज्यातून जाणारा तो जड पोलादी ट्रक आपल्या घरातली एक बाई होय म्हणाल्याशिवाय पुढे जात नाही. हे मी दुकानात, देवळात, डॉक्टरकडे, विचारलं नसतानाही सांगते.

पण निखिल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात नाही. ते मला त्याच दिवशी दुपारी मिळालं. कुंदा मला घरी सोडायला येत होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, रस्ता सरळ. मी तिला विचारलं की बाकी सगळं समजलं, पण कुत्रा, टोपी, टपालपेटी हे सगळं तपासणीत कुठे बसतं? ते कशाला लिहायचं?

तिने आरशात पाहिलं, सिग्नल दिला, लेन बदलली. मग म्हणाली, "दिवसभर इतकं काही दिसतं गं. घरी गेल्यावर सांगायला कोणी नसायचं. त्या चौकटीत जागा होती."

आमचा फोन दर रविवारी अकरा वाजता असायचा. दहा मिनिटं. माझ्या वह्या तपासायच्या असत, मुलींचे क्लास असत, म्हणून ती वेळ मीच ठरवून दिली होती. कुंदाने ती एकदाही मोडली नाही. दहा मिनिटांत तब्येत, हवा आणि दादा कसा आहे, एवढंच व्हायचं. मी फोन ठेवत असे आणि यादीतल्या पुढच्या कामाला लागत असे.

मी विचारलं, "त्या म्हाताऱ्यांनी टपालपेटीला रंग कोणता दिला होता?"

"पिवळा," कुंदा म्हणाली. "पण आधी त्यांनी हिरवा आणला होता. ते मला कसं कळलं, ऐक."

मग आमचं घर येईपर्यंत तीच बोलत होती. दारात गाडी थांबल्यावरही आम्ही बराच वेळ उतरलो नाही.