गोल, लांब आणि खरात सर

खरात सर जगातल्या माणसांचे दोनच प्रकार मानतात: गोल आणि लांब. अंगकाठीशी याचा काही संबंध नाही. आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये आलेला नवा डॉक्टर आठवडाभर खाली मान घालून वागला, की सर माझ्या कानाशी म्हणायचे, "आजून गोल हाय." महिन्याभरानं तोच डॉक्टर गार चहावरून ओरडला, की सर खुशीत टाळी वाजवत. "लांबला बघ! ऊब मिळाली!"

हा सगळा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा प्रताप. प्राध्यापक खरातांनी उभा जन्म तिच्यामागं घातला. ही बुरशी आपल्या तोंडात, पोटात गोल गोल पेशी होऊन गुमान राहते. आजारपणानं शरीराची ताकद खचली, की तिचं रूप पालटतं. पेशीला कोंब फुटतो, कोंबाचा लांब धागा होतो आणि धागा थेट मांसात घुसतो. "भाडेकरू लई गरीब असतंय," सर पोरांना शिकवत. "घरमालक आजारी पडला, की भिंतीला भोकं पाडतंय बेणं."

शिव्याही लाडानंच. सकाळी सूक्ष्मदर्शकात डोकावून ते विचारत, "काय म्हणताय, राणीसरकार?" सरांच्या पत्नीला आम्ही सगळे बाई म्हणत असू. "मला कधी नाय बा असं विचारलं," लॅबमध्ये आल्या, की बाई हसून म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

ही बुरशी ओळखायची आमची रीत साधी होती. माणसाचं रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. त्यात बुरशी टाकायची आणि अंगाइतक्या उबेत दोनेक तास ठेवायची. कोंब फुटले, की चोर सापडला. आता सीरम आणायचं कुठून? आमच्याच दंडातून! सर सिरिंज घेऊन निघाले, की निम्मी लॅब जेवायला पळे. मी बजाजनगरहून नवी नवी आले होते, पळायचं कुठं तेच ठाऊक नव्हतं. माझ्या सीरममध्ये भराभर कोंब आले, तर सर भर चहाच्या वेळी म्हणाले, "या पोरीचं रक्त लई गुणाचं. बुरशी नुसती खुश हाय!" माझ्या लग्नात आहेरापेक्षा या वाक्याचीच चर्चा जास्त झाली. पण रक्त घेतलं, की सर शहागंजच्या बाजारातून गरम जिलबी स्वतः आणून समोर बसून खाऊ घालत. ते दिवस आठवले, की आजही जीव हळहळतो.

निवृत्तीनंतरही सर दर सोमवारी येत राहिले, आता माझ्यासमोर स्वतःचीच बाही वर करून. "पेन्शनरचं रक्त हाय, निवांत हाय. घ्या." मग बाई गेल्या. तरी सोमवार चुकला नाही.

यंदा बुरशी ओळखणारं मशीन आलं. सीरमची गरज संपली. हे सरांना सांगायचं माझ्यावर आलं, कारण त्यांच्या वेळची मीच एकटी उरलेय. ही लॅब सुटली, तर या माणसानं सोमवारी जायचं कुठं?

सर आले, बसले, बाही वर केली. मी एका दमात सांगून टाकलं.

"मला ठाव हाय," सर म्हणाले. "शिपायानं मागच्याच हप्त्यात सांगितलं."

"मग बाही कशाला वर केलीत, सर?"

सरांनी हात टेबलावर तसाच ठेवला. "शीर शोधताना तू हात धरतीस ना, म्हणून. बाई गेल्यापासून दुसरं कोण धरतंय, सांग."

मी हातातला कापूस खाली ठेवला. खुर्ची ओढून सरांशेजारी बसले आणि बापाचा धरावा तसा त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. कुणीतरी रिपोर्ट मागायला दारात आलं, त्याला मी मानेनंच थांबायला सांगितलं.